जळगावचं घर काढतोय, ओपन हाऊस ठेवू का?

ताई, एडिसन (सध्या जळगाव)

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जळगावला आलेय, त्यातला एक संपला पण. बाबा गेल्यावर महाबळचं घर विकायचं असं आई, दादा आणि मी मिळून ठरवलंय, आई आता दादाकडे पुण्याला राहणार. तीन एजंट येऊन गेले, तिघांनी तीन भाव सांगितले. आणि रोज कोणी ना कोणी बघायला येतं, ते पण भर दुपारी दोनला, आई जेवून जरा आडवी झाली की बेल वाजलीच. काल एकजण चपला घालून थेट देवघरापर्यंत गेला. आई काही बोलली नाही, तो गेल्यावर ओलं फडकं घेतलं आणि गुडघे दुखत असताना खाली बसून तेवढीच फरशी पुसली. मला फार लागलं ते.

म्हणून वाटलं की तिकडे अमेरिकेत करतात तसं एका रविवारी ओपन हाऊस ठेवावं, पेपरात छोटी जाहिरात, गेटवर बोर्ड, ज्याला बघायचं त्याने त्या दोन-तीन तासात यावं, आवराआवरही एकदाच होईल आणि चार गिऱ्हाइकं एकमेकांसमोर दिसली की भावही चढेल. दादा म्हणतो हे इकडे चालत नाही. कोणी केलंय का?

आप्पा, टोरोंटो

ताई, नको करू. आमचं धुळ्याचं देवपूरचं घर काढलं तेव्हा मी हेच केलं होतं म्हणून सांगतो. साठ-सत्तर माणूस आलं असेल, त्यात घेणारे दोन. बाकी आजूबाजूचे, लांबचे सोयरे, आणि एजंटच एजंट. लोक पावलांनी खोल्या मोजत होते, नळ सोडून बघत होते, त्याचं काही नाही भो, घेणारा बघणारच. पण एका एजंटाने मोबाईलवर आतलं सगळं शूट केलं, कपाटं, माझ्या आईची खाट, सगळं, आणि संध्याकाळपर्यंत ते दहा ग्रुपवर फिरत होतं, खाली भाव लिहिलेला आमच्या आकड्यापेक्षा पाच लाखांनी कमी! मग जो यायचा तो तोच आकडा धरून बसायचा. शिवाय घर का काढलं, कर्ज झालं का, भावाभावात बिनसलं का, ही चर्चा लग्नाकार्यात आम्ही दोन वर्षं ऐकली.

शेवटी घर घेतलं कोणी, तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याने. रात्री जेवणं झाल्यावर आला, ओट्यावर बसला, म्हणाला, "जिभाऊ, घर इकानं शे ते माले पहिले सांगानं ना." त्याला जागा जोडून मिळत होती, म्हणून त्याने बाकीच्यांपेक्षा जास्तच दिले. आधी शेजारी जाऊन ये, बोर्डाचं नंतर बघू.

वहिनी, न्यू जर्सी

मी इकडे बरीच वर्षं रिअल इस्टेटचंच काम करतेय म्हणून ओपन हाऊसच्या बाजूने बोलेन असं वाटेल, पण जळगावसाठी मी पण नकोच म्हणेन. इकडे घर आधी एमएलएसवर, म्हणजे विकायच्या घरांच्या एजंटांच्या सामाईक यादीवर चढतं, फोटो, क्षेत्रफळ, मागितलेला भाव, आसपासची घरं कितीला गेली, सगळं लोकांना घरबसल्या दिसतं. रविवारी मालक बाहेर जातात, एजंट दारात उभा, येणाऱ्याचं नाव-फोन वहीत. आवडलं तर ऑफरसोबत बँकेचं प्री-अप्रूव्हलचं पत्र, म्हणजे एवढं कर्ज मिळू शकेल असं. म्हणजे ओपन हाऊसच्या पाठीमागे एवढी सगळी मांडणी असते, नुसतं दार उघडून होत नाही. आणि खरं बोलायचं तर त्यातून आम्हा एजंटांना नवीन क्लायंट मिळतात हाही एक हेतू असतोच. १७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर बघायला जायचं तर बायरला आधी लेखी करार करावा लागतो, नुसत्या ओपन हाऊसला गेलं तर लागत नाही, त्यामुळे अजून करार न केलेले लोकही तिथे येऊन बघून जातात.

जळगावला तुझ्या आकड्याला टेकू देणारं असं काही सहज समोर दिसत नाही, म्हणून मग आप्पांसारखं होतं, जो मोठ्याने बोलेल त्याचा भाव. एक मात्र इकडचं नक्की घे. कोणीही यायच्या आधी आईची औषधं, लॉकरची किल्ली, पासबुकं, बाबांचे कागद एका बॅगेत घालून दुसऱ्या घरी ठेव. आणि बघायला येणाऱ्यासोबत आईने फिरायचं नाही, तू फिर.

भाऊ, सिंगापूर (मूळ भुसावळ)

बघायला बोलवायच्या आधी कागद लाव ताई. सातबारा असो की सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, त्यावर तुम्हा तिघांची वारस नोंद झालीय का? चांगली पार्टी पहिल्याच भेटीत विचारते की सह्या कोण करणार. तू एनआरआय, त्यामुळे तुझ्या हिश्श्यावर नेहमीचा १ टक्का टीडीएस नाही. जुन्या घराचा नफा लाँग टर्म, २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के, वर सेस आणि लागला तर सरचार्ज, आणि इन्कम टॅक्सकडून कमी कपातीचा दाखला आणला नाहीस तर घेणारा तुझ्या हिश्श्याच्या पूर्ण रकमेवर कापतो. हे त्याला सौदापावतीच्या आधी सांग, ऐनवेळी कळलं की लोक बिचकतात, मी असा पक्का होत आलेला सौदा मोडलेला पाहिलाय.

आणि इथे आहेस तोवर दादाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र रजिस्टर करून टाक. परत गेलीस की कॉन्सुलेटमध्ये साक्षांकन, मग ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचा मुद्रांक, हे सगळं लांबून करत बसावं लागेल. पेपरात काही द्यायचंच तर घेणाऱ्याचा वकील देतो ती जाहीर नोटीस येईलच, कोणाची हरकत असेल तर ती तिथेच निघते.

ताई, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्ड आणि जाहिरात रद्द.

काल आई आणि मी शेजारच्या काकांकडे जाऊन बसलो. त्यांनी लगेच हो नाही म्हटलं, मुलाशी बोलतो म्हणाले, पण काकू आईचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या की आम्हाला दुसऱ्याकडून कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. तेवढ्यासाठी तरी गेलो ते बरं झालं.

रविवारी फक्त पाच जणांना फोन करून बोलावलंय, प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेगळी वेळ, सकाळी आठपासून साडेदहापर्यंत, कारण त्यानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही इतकं तापतं. व्हिडिओ काढायचा नाही हे आधीच सांगितलंय, दोघांना ते आवडलं नाही, त्यांची जागा मी दुसऱ्यांना दिली. त्याच दिवशी नळाला पाणी आहे, ते बरं, इकडे जो येतो तो आधी पाण्याचंच विचारतो. आईने गच्चीवर बिबडे वाळत घातलेत, ते काढू का विचारलं तर म्हणाली राहू दे, घेणाऱ्याला कळू दे इथे ऊन कसं लागतं ते.

वारस नोंदीचा अर्ज आज दिला. दादा शुक्रवारी रात्री निघतोय, कुलमुखत्यारपत्रासाठी दोन साक्षीदार लागतील, एक समोरचे सर यायला तयार आहेत. सोमवारी तासाभरासाठी कोणाचा भाऊ किंवा मेव्हणा जळगावात मोकळा असेल तर मला आजच कळवा.