अंड्यांचे कवच पातळ पडते. खाद्यात काय बदलावे?

प्रश्न: आमच्याकडे पिंजऱ्यातील ३०० लेयर कोंबड्या असून त्यांना मका, सोयाबीन पेंड आणि चुनखडीची पावडर यांचे खाद्य रोज प्रत्येकी ११० ग्रॅम दिले जाते, तरीही एप्रिलपासून ट्रे भरताना बोटाच्या दाबानेही अंड्याला तडा जातो. चुनखडी वाढवावी का?

उत्तर १: सरसकट वाढवू नये. कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागते, परंतु कवच मुख्यतः रात्री घडते आणि बारीक पावडर तोवर पोटातून पुढे सरकलेली असते. म्हणून निम्मी चुनखडी २ ते ४ मिलिमीटर दाण्याची घेऊन, अथवा तिच्याऐवजी शिंपल्यांचा चुरा, संध्याकाळच्या खाद्यातून द्यावा. आमच्याकडे तर पावडर खाद्याच्या पन्हाळीच्या तळाशीच साचून राहत असे, तेही तपासावे.

उत्तर २: उन्हाळ्याचा विसर पडू नये. कोंबडी धापा टाकते तेव्हा तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. शिवाय ती खातेही कमी. खाद्य पहाटे व सायंकाळी विभागून द्यावे आणि पाणी गार ठेवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पन्हाळीत हात घातला, तर तळाशी बोटभर पांढरा थर निघाला.