मदत हवी आहे: राखेच्या विटांवरचा गिलावा, क्युरिंगचं पाणी आणि राडारोडा

मंडळी, नमस्कार. नागपूर जिल्ह्यात आम्ही लहान घरं बांधतो. कोराडी, खापरखेड्याची औष्णिक केंद्रं जवळ असल्याने त्यांच्या राखेपासून बनवलेल्या विटा सहज मिळतात. शेतातली माती खणून भट्टीत भाजलेल्या लाल विटा यापुढे वापरायच्याच नाहीत, असं ठरवलंय.

अडचण गिलाव्याची आहे. वीट गुळगुळीत, त्यामुळे माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) नीट धरत नाही असं मिस्त्री सांगतात. उन्हाळ्यात बारीक भेगाही दिसतात, विशेषतः बीम आणि भिंतीच्या सांध्यावर. तिथे तुम्ही जाळी मारत असालच, पण बाकी भिंतीचं काय करता? आधी सिमेंटचा पातळ शिडकावा देता का? भिंत उभी राहिल्यावर किती दिवस थांबता?

दुसरं म्हणजे क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचं पाणी. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा लागतो आणि मे महिन्यात टँकरवर भागवावं लागतं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधल्याचा कुणाला अनुभव आहे?

तिसरं म्हणजे राडारोडा. आयएस ३८३ (काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार साध्या, म्हणजे सळया नसलेल्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटच्या राडारोड्यापासूनची खडी २५ टक्क्यांपर्यंत चालते. पण राडारोडा फोडून खडी करणारा क्रशर आमच्यासारख्यांना परवडत नाही. चार-पाच ठेकेदारांनी मिळून भाड्याने आणला असेल, तर हिशेब कसा बसवला ते कृपया सविस्तर लिहा.