साहित्याचा निबंध – आधी समीक्षा की आधी कादंबरी?

साहित्यावर निबंध लिहायचा तर आधी तीन-चार समीक्षाग्रंथ वाचून टिपणं काढा, मग मूळ पुस्तकाकडे वळा, असा सल्ला दिला जातो; मला हा क्रम उलटा वाटतो. समीक्षा लागतेच, पण दुसऱ्या फेरीत. आधी वाचली की आपल्याला तेवढंच दिसतं जेवढं समीक्षकाला दिसलं. मग निबंधात 'अस्तित्ववादी', 'परात्म नायक' (स्वतःपासून, समाजापासून तुटलेला) असे शब्द येतात आणि पुढच्या ओळीत त्यांना धरून ठेवायला काहीच नसतं.

एमएला भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' या कादंबरीवर (१९६३) लिहायचं होतं तेव्हा मी एक खुळचट वाटेल असं काम केलं. पेन्सिल घेऊन 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' दिसेल तिथे खूण करत गेलो. कादंबरीचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर अगदी सुरुवातीला स्वतःचं वयसुद्धा 'उदाहरणार्थ' लावून सांगतो! पंचवीस वर्षांचा असणं हे उदाहरण कशाचं? नुसत्या लकबीवर पानभर लिहिता येत नाही, या प्रश्नावर येतं. मग त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मणीच्या मृत्यूचा भाग पुन्हा वाचला, फक्त तिथली भाषा बघत. माझा मुद्दा तिथे सापडला, आणि तो एका वाक्यात लिहिता येईपर्यंत मी मुद्दाम एकही समीक्षालेख उघडला नाही. नंतर उघडले तेव्हा कुणाशी भांडायचं ते ठाऊक होतं.

आणि हो, परीक्षेत पुस्तक समोर नसतं. लांबलचक उतारे पाठ करू नका; चार-पाच शब्दांचे तुकडे आणि ते कुठल्या प्रसंगातले एवढं लक्षात राहिलं तरी पुरतं.