जुन्या फोटोंतली झाडं निष्पर्ण का?

कुणीतरी विचारलंय की सुरुवातीच्या फोटोंतली झाडं इतकी बोडकी किंवा धुरकट का दिसतात. मुख्य कारण एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोसाठी लेन्स किती वेळ उघडी ठेवायची त्याचं. तेव्हा हा वेळ फार लांब असायचा. पान हललं की फोटोत त्याचा धूर व्हायचा. टॅलबॉट या इंग्लंडमधल्या आद्य फोटोग्राफरने १८४०च्या दशकात लेकॉक या आपल्या घराजवळचा ओक टिपला तो ऐन हिवाळ्यात, पानं नसताना. फांद्यांची जाळी काय सुरेख आलीये! दुसरं म्हणजे तेव्हा फोटो रसायन लावलेल्या कागदावर किंवा काचेवर घ्यायचे, आणि त्या रसायनाला निळा रंग चटकन दिसायचा, हिरवा जवळजवळ नाहीच. म्हणून पानं काळी आणि आकाश कोरं पांढरं.

वॉटकिन्स या अमेरिकन फोटोग्राफरने १८६१मध्ये कॅलिफोर्नियातला 'ग्रिझली जायंट' हा प्रचंड सेक्वोया वृक्ष १८ बाय २२ इंचांच्या काचेवर घेतला. काच ओली असतानाच फोटो काढून धुवायची, म्हणजे अंधारा तंबूही जंगलात न्यायचा. आपण दोन लेन्स उचलताना कुरकुरतो!

तसाच लांब एक्स्पोजर करून बघावा म्हणून मागच्या रविवारी ठाण्याजवळच्या येऊरला एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावून एका वडाचा आठ सेकंदांचा फोटो घेऊन पाहिला. खोडाच्या सुरकुत्या अगदी ठसठशीत, पारंब्यांची टोकं मात्र पुसल्यासारखी. मधूनच एक बाईकवाला गेला, त्याचा फोटोत मागमूस नाही. बुंध्याशी भावाला उभं केलं होतं, वडाचा घेर कळावा म्हणून. तो हलला. आता त्याला दोन डोकी आहेत.