शब्दचर्चा : मेगिद्दोच्या ‘तेल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इस्राएलमधील मेगिद्दोचे उत्खनन पाहून आलो आणि त्याविषयी लिहायला बसताच पहिल्या वाक्यात अडखळलो. बायबलमध्ये उल्लेखलेले हे नगर ज्या उंचवट्यात गाडले गेले आहे, त्याला हिब्रूत ‘तेल’ म्हणतात. मराठीत तसेच लिहिले तर वाचकाला खाण्याचे तेल आठवेल आणि ‘टेकडी’ म्हटले तर ती निसर्गाने घडवलेली वाटेल. योग्य शब्द कोणता?

उत्तर : ‘टेकडी’ नकोच. कच्च्या विटांची घरे पडली की तीच जागा सपाट करून वर नवी घरे बांधायची, असे हजारो वर्षे होत गेल्याने हा उंचवटा वाढतो. मेगिद्दोत असे वीसहून अधिक थर सापडले आहेत. अशा जागेला आपल्याकडे ‘पांढर’ किंवा ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतात. चुलीतली राख, शेण, हाडे आणि ढासळलेल्या भिंती मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून कसायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांविषयी लिहिताना हाच शब्द वापरला जातो. इतका नेमका शब्द घरात असताना एरवी तो वापरला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : उत्खनन करणाऱ्या शूमाखरने १९०३ ते १९०५ या काळात तिथे खणलेला प्रचंड चर अजून उघडा आहे. त्याच्या कडेला उभा राहिलो, तेव्हा मातीत बोटभर जाडीची राखेची रेघ आणि तिच्याखाली अर्धवट बाहेर आलेले खापर दिसले, त्यामुळे आपले म्हणणे पटते. पण ‘पांढर’ हा शब्द मातीच्या रंगावरून आला आहे; दूरदेशीच्या जागेला तो लावणे योग्य होईल का?

उत्तर : होईल, कारण रंगाचा अर्थ मागे पडून ‘वस्तीची जागा’ हा अर्थ केव्हाच रूढ झाला आहे. बायबलमधील यिर्मयाच्या ग्रंथात (३०:१८) नगर आपल्या ‘तेल’वर पुन्हा बांधले जाईल, असे म्हटले आहे, म्हणजे त्या शब्दातही नुसता ढिगारा नसून वसण्याची जागा अभिप्रेत आहे. विशेषनामात मात्र मूळ रूप ठेवावे : ‘तेल मेगिद्दो ही पांढर इज्रेलच्या खोऱ्यात आहे.’