मशीनवर सेन्सर बसवण्याची साधी आणि न हलणारी रीत सुचवा (बडोदा, मकरपुरा)

पाउचवाला_मकरपुरा

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. मसाला आणि फरसाण भरायची उभी पाउच मशिनं बनवतो. लेथ, रेडियल ड्रिल आणि एक जुनं मिलिंग घरचं आहे, बेंडिंग बाहेरून करून आणतो.

अडचण सेन्सरची आहे. मशीनवर दोन सेन्सर महत्त्वाचे. एक एम-१२ प्रॉक्सी (न टेकता धातू ओळखणारा, १२ मिमी आट्यांचा सेन्सर), मेन शाफ्टच्या चकतीवरचा बोल्ट दर फेऱ्याला बघतो आणि त्या सिग्नलवर फिल्म ओढायला सुरुवात होते. दुसरा फोटो सेन्सर, तो फिल्मवरचा छापील ठोकळा बघतो, त्यावरून कुठे कापायचं ते ठरतं. दोन्ही २ मिमी पत्र्याच्या एल ब्रॅकेटवर आहेत. ब्रॅकेटला उभे आणि आडवे दोन्ही स्लॉट ठेवलेत, म्हणजे कुठेही सरकवता यावं. आमच्याकडे टेस्टिंगला सगळं बरोबर चालतं. गिऱ्हाइकाकडे दोन-तीन आठवड्यांत प्रॉक्सी मधूनच सिग्नल सोडतो आणि मशीन उभं राहतं, नाहीतर कटिंग छपाईवर जातं. एका गिऱ्हाइकाकडे मी या महिन्यात तीनदा गेलो. ऑपरेटर पाना घेऊन स्वतःच सेन्सर पुढे-मागे करतो आणि शेवटी सेन्सरच चकतीला घासतो.

स्प्रिंग वॉशर लावून पाहिले, फरक पडला नाही. महागडे तयार माउंट परवडणार नाहीत. घरच्या मशीनवर बनेल, ऑपरेटरला एका ॲलन कीनं बदलता येईल आणि बदलल्यावर पुन्हा सेट करावं लागणार नाही, असं काही कोणी वापरलं आहे का?

निवृत्त_टूलरूम

आधी काही गोष्टी सांगा, त्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही. बोल्ट कोणत्या धातूचा आणि केवढा? सेन्सर फ्लश (धातूत तोंडापर्यंत बुडवून चालणारा) की नॉन-फ्लश (तोंड बाहेर ठेवावं लागणारा)? सेन्सर आणि बोल्टमध्ये गॅप किती ठेवता? ब्रॅकेट फ्रेमपासून किती बाहेर येतो? त्यावर पावडर कोटिंग आहे का?

पाउचवाला_मकरपुरा

काका, बोल्ट एम-५, स्टेनलेस ३०४, षटकोनी डोक्याचा. सेन्सर नॉन-फ्लश, ४ मिमीवाला. गॅप ३ मिमी ठेवतो, घासू नये म्हणून. ब्रॅकेट ११० मिमी बाहेर आहे. कोटिंग आहे, फ्रेमच्याच रंगाचं.

निवृत्त_टूलरूम

मग तुमचा निम्मा त्रास ब्रॅकेटचा नाहीच.

सेन्सरवर ४ मिमी लिहिलेलं असतं ते माइल्ड स्टीलसाठी आणि ठराविक मापाच्या चौकोनी तुकड्यासाठी. तो तुकडा १ मिमी जाड, आणि त्याची बाजू सेन्सरच्या व्यासाएवढी किंवा सेन्सिंग अंतराच्या तिप्पट, यातली जी मोठी असेल ती. तुमच्या सेन्सरला दोन्हीकडून १२ मिमी येते. एम-५ बोल्टचं डोकं ८ मिमी. म्हणजे सेन्सरला हवं त्याहून पुष्कळ लहान लक्ष्य दाखवताय.

शिवाय तापमान, व्होल्टेज आणि सेन्सर-सेन्सरमधला फरक धरून खात्रीचं अंतर लिहिलेल्या आकड्याच्या ८१ टक्के धरतात. चारावर ते ३.२४ मिमी होतं. स्टेनलेससाठी त्याला साधारण ०.७ नं गुणायचं, म्हणजे सव्वादोनच्या आसपास. त्यात डोकं लहान, म्हणून आणखी कमी. आणि तुम्ही ३ वर बसलाय. टेस्टिंगला चालतं कारण तो एकच सेन्सर नशिबानं जरा लांबचं बघतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मशीन तापलं की सिग्नल सुटणार. ऑपरेटरला दोष देऊ नका, तो बिचारा गॅप कमी करून तेच दुरुस्त करत होता जे आपण करायला हवं होतं.

तेव्हा आधी बोल्ट काढा. १५ मिमी रुंद माइल्ड स्टीलची पट्टी चकतीला दोन स्क्रूंनी लावा, गंजू नये म्हणून झिंक प्लेटिंग करून घ्या. गॅप २ मिमी ठेवा. पट्टी सेन्सरच्या तोंडासमोरून आडवी जाऊ दे, तोंडावर चालून येऊ देऊ नका. म्हणजे शाफ्ट थोडा हलला तरी धडक होत नाही.

आता ब्रॅकेट. स्लॉट किती दिशांना हवेत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जिथे हालचाल द्याल तिथे कधीतरी हालचाल होणारच. तुमच्या प्रॉक्सीला तीन दिशा आहेत. त्रिज्येच्या दिशेनं, म्हणजे वर-खाली, पट्टी थोडी लांब ठेवली की काही फरक पडत नाही, तिथे स्लॉट नको. फिरण्याच्या दिशेनं सेट करायचं असेल तर चकतीच हबवर फिरवा, ती तुमच्याकडे फिरत असेलच. उरला फक्त गॅप. तो सेन्सरच्या स्वतःच्या आट्यांवर सेट होतो. एम-१२ सेन्सरचा आटा १ मिमी पिचचा असतो, पाव फेरा फिरवला की पाव मिमी. यापेक्षा बारीक सेटिंग तुम्हाला लागत नाही.

म्हणजे या ब्रॅकेटला एकही स्लॉट नको. ८ मिमी जाड पट्टीचा तुकडा घ्या, दोन एम-६ बोल्ट आणि दोन डॉवेल पिनांवर (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट बसणाऱ्या पिना) फ्रेमला बसवा, सेन्सरसाठी १२.२ चं साधं भोक मारा. फ्रेमपासून ४५ मिमीच्या आत आणा. पट्टी वाकण्याला जो विरोध करते तो जाडीच्या घनानं वाढतो आणि लांबीच्या घनानं घटतो. २ मिमीची ८ मिमी केली तर चौसष्टपट, वर लांबी निम्म्याहून कमी. हादऱ्यांचा विषय तिथेच संपतो. जिथे टेकते तिथलं कोटिंग खरवडून काढा. रंगाच्या थरावर बोल्ट आवळला की रंग हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण जातो. स्प्रिंग वॉशरनं ते थांबत नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

हालोल_मेन्टेनन्स

काकांच्या ब्रॅकेटला माझी एक जोड. आमच्याकडे सेन्सर बदलायचा वेळ आठ-दहा मिनिटांवरून एक-दीडवर आला तो यामुळेच.

ब्रॅकेटच्या मागच्या नटचं तोंड हेच सेटिंग समजा. सेन्सर बसवून गॅप नीट आला की सेन्सरच्या तोंडापासून मागच्या नटपर्यंतचं अंतर डेप्थ गेजनं मोजा आणि मशीनच्या पाटीवर कोरून ठेवा. स्पेअर सेन्सरवर तोच नट त्याच अंतरावर लावा, आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) घाला आणि तो पॅनलमध्ये पिशवीत टांगून ठेवा. बदलताना फक्त पुढचा नट काढायचा. जुना सेन्सर मागे निघतो, नवा मागून आत जातो, नट टेकला की गॅप आपोआप बरोबर. कनेक्टरवाला सेन्सर घ्या. थेट केबलवाला घेतला तर पॅनलपर्यंत वायर ओढत बसावं लागतं आणि सगळी सोय वाया जाते.

नट आवळताना दोन पातळ पाने लागतात, एम-१२ ला १७ चे. एकाच पान्यानं आवळलं की सेन्सर सोबत फिरतो आणि गॅप बदलतो. किती आवळायचं ते कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं, पितळी आटे जास्त जोर सहन करत नाहीत.

कलाभवन_मेकॅनिकल

मी बडोद्याच्या कलाभवनात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही सगळे माउंट थ्री-डी प्रिंट केले होते. हे असं प्रिंट करून चालेल का? खर्च फार कमी येतो आणि आकार हवा तो मिळतो.

निवृत्त_टूलरूम

नमुन्यासाठी जरूर करा. जागा, पान्याची हालचाल, केबल कुठून वळते, हे सगळं प्रिंटवर कळतं आणि लोखंड वाया जात नाही. पण मशीनवर ठेवायला नाही. पीएलए, म्हणजे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सीलिंग जॉच्या (पाउच गरम करून चिकटवणाऱ्या जबड्याच्या) शेजारी तेवढं सहज होतं. इतर प्लॅस्टिक जास्त गरमी सोसतं, पण आवळलेल्या बोल्टखाली सगळीच दिवसेंदिवस दबत जातात.

तुमच्या संस्थेची सुरुवातच १८९० मध्ये हातानं काम शिकवायला झाली. तिथल्या वर्कशॉपमध्ये हा ब्रॅकेट एकदा स्वतः बनवून बघा, भोकं मारून, रीमरनं ती नेमक्या मापाची करून पिना बसवून. दुपारभरात होईल.

फार्मा_पॅकिंग

प्रॉक्सीचं सगळं पटलं. पण फोटो सेन्सरला हे जसंच्या तसं लावू नका. मी सोळा वर्षं ब्लिस्टर (गोळ्यांची पाकिटं) आणि पाउच लाइनवर आहे. फिल्म बदलते, छपाई बदलते, ठोकळ्याची जागा बदलते. तिथे सेटिंग लागणारच. म्हणून तिथे प्रश्न उलटा आहे: ऑपरेटर जे रोज हलवणार ते कोणतं, आणि ज्याला त्यानं कधीच हात लावू नये ते कोणतं?

दादा, तुमचा सेन्सर फिल्मपासून किती लांब आहे आणि फिल्म त्या जागी कशावर टेकलेली आहे? ठोकळ्याचा रंग कोणता?

पाउचवाला_मकरपुरा

ताई, ८० मिमीवर आहे. फिल्म दोन रोलरांच्या मध्ये मोकळी आहे, तिथे जागा होती म्हणून. ठोकळा एका गिऱ्हाइकाचा काळा, दुसऱ्याचा लाल. सेन्सरचा प्रकाश लाल.

फार्मा_पॅकिंग

पांढऱ्या फिल्मवरचा लाल ठोकळा लाल प्रकाशात पांढऱ्यासारखाच दिसतो. तिथे माउंट कितीही चांगला केला तरी उपयोग नाही, हिरव्या प्रकाशाचा किंवा रंग बदलता येणारा मार्क सेन्सर घ्यावा लागेल. काळ्याला लाल चालतो.

दुसरं, मोकळी फिल्म फडफडते. सेन्सर तिथे नेऊ नका. फिल्म रोलरवर टेकलेली असते तिथे आणा, म्हणजे अंतर कायम राहतं. आणि जवळ आणा. १ अंश कोन चुकला तर ८० मिमीवर ठिपका जवळजवळ १.४ मिमी सरकतो, २० मिमीवर ०.३५. कटिंग छपाईवर जाण्याचं कारण बहुतेक हेच असणार. जवळ किती न्यायचा ते त्या सेन्सरच्या कॅटलॉगप्रमाणे, प्रत्येकाचं फोकस वेगळं.

फिल्म चकचकीत असेल तर सेन्सर अगदी काटकोनात ठेवू नका. आरशासारखा प्रकाश सरळ परत येतो आणि ठोकळा व कोरी फिल्म यांतला फरकच कळत नाही. मी साधारण १० अंश कलता ठेवते. हा कोन मात्र पक्का करून टाकते: ब्रॅकेटच तेवढा वाकवून आणायचा. ऑपरेटरला कोन बदलताच येऊ नये.

मग उरतं फिल्मच्या रुंदीत सरकवणं, ठोकळा डावीकडे की उजवीकडे त्याप्रमाणे. त्यासाठी रोलरला समांतर १२ मिमीचा चकाकता दांडा, त्यावर चिरलेला ॲल्युमिनियम ब्लॉक, एका ॲलन बोल्टनं आवळलेला. ब्लॉक दांड्याभोवती फिरू नये म्हणून दांड्याला एक सपाट बाजू मिलिंगवर काढायची आणि ब्लॉकमध्ये बसवलेला एक छोटा चौकोनी तुकडा (की) तिच्यावर टेकवायचा. पहिल्या ब्रॅकेटला आम्ही हे केलं नव्हतं. कोणाचा तरी हात लागला, ब्लॉक फिरला आणि अख्ख्या शिफ्टचा माल वेगळा काढावा लागला. त्यानंतर मी सपाट बाजूशिवाय दांडा वापरलेला नाही. दांड्यावर मिमीची पट्टी चिकटवा. कोणत्या पाउचला कोणता आकडा, हे ऑपरेटर स्वतः वहीत लिहून ठेवतो. त्याला ते समजतं आणि आवडतंही.

मध्य काढायची रीत: ब्लॉक डावीकडे नेत ठोकळा दिसायचा बंद होईल तो आकडा घ्या, मग उजवीकडचा, आणि दोन्हींच्या मध्ये आवळा. सेन्सरचा दिवा लागला की थांबलात तर कडेवर बसता, आणि फिल्म जरा सरकली की गेलं.

मिरची-हळदीची पूड भिंगावर बसते. भिंग वरच्या दिशेनं तोंड करून कधीच ठेवू नका, आणि पुसायला बोट जाईल एवढी जागा सोडा. पुसताना सेन्सर हलला तर दोष आपल्या ब्रॅकेटचा.

निवृत्त_टूलरूम

ताईंचं बरोबर आहे. मी फोटो सेन्सरलाही पिना मारायला सांगणार होतो, ते मागे घेतो. सपाट बाजूचा दांडा चांगला.

पाउचवाला_मकरपुरा

पाच आठवड्यांनी लिहितोय. ज्या गिऱ्हाइकाकडे तीनदा गेलो होतो त्याच मशीनवर सगळं बदललं. पट्टी १५ मिमी माइल्ड स्टीलची, गॅप २.०, ब्रॅकेट ८ मिमी जाड आणि ४२ मिमी बाहेर, दोन डॉवेल. गॅप लावायला धातूच्या फीलर गेजऐवजी २ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा वापरतो, तो मध्ये असतानाच दिवा तपासता येतो. तोंडापासून नटपर्यंत १६.० मिमी आलं, ते पाटीवर कोरलं. स्पेअर पॅनलमध्ये टांगला. प्रॉक्सीसाठी त्यानंतर एकदाही फोन आला नाही.

फोटो सेन्सर रोलरवर आणला, कलता ब्रॅकेट, सपाट बाजूचा दांडा. लाल ठोकळ्याच्या गिऱ्हाइकाला हिरव्या प्रकाशाचा सेन्सर सांगितला, त्यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.

दोन्ही ब्रॅकेट मिळून मिलिंगचं काम अडीच तासांचं झालं. आधी पत्रा कापून वाकवायला कमी लागत होतं हे खरं, पण गिऱ्हाइकाकडची एक फेरी वाचली तरी वसूल. आता पुढच्या सगळ्या मशिनांत हेच घालतोय. काका, ताई, हालोलचे भाऊ, मनापासून आभार.

एक राहिलं: फोटो सेन्सरचा ब्लॉक सरकवताना केबल ताणली जाते, कनेक्टरपाशी वाकते. काय करावं?

हालोल_मेन्टेनन्स

केबलचा पहिला क्लॅम्प फ्रेमवर लावू नका, ब्लॉकवरच लावा, कनेक्टरपासून ५०-६० मिमीवर. म्हणजे ओढ क्लॅम्पवर येते, कनेक्टरवर नाही. दुसरा क्लॅम्प फ्रेमवर, आणि दोघांच्या मध्ये ब्लॉक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईल एवढा सैल वळसा. वळसा खाली लोंबता ठेवा, म्हणजे धुताना पाणी कनेक्टरकडे वाहत नाही.

पाउचवाला_मकरपुरा

समजलं. ब्लॉकला एम-४ चा टॅप उद्याच मारतो.