घरासाठी पिकअप: मधली की मोठी?

चौघांचं कुटुंब, घर नागपुरात धरमपेठेत, शेत काटोलकडे. आणि प्रश्न असा की टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस ही मधल्या आकाराची पिकअप घ्यावी की बाहेरून आणलेली मोठी फोर्ड एफ-१५०. माझं मत स्पष्ट आहे, मधल्या आकाराचीच घ्या.

आधी पार्किंगमध्ये टेप लावा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही सुमारे ५.३ मीटर लांब. चार दारांची एफ-१५० साधारण ५.९ मीटर, आणि रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर. इतवारी-महालात ती घेऊन शिरलात की समोरून एक ऑटो आला तरी अडकलात. शिवाय ती डाव्या स्टिअरिंगची. काटोल रोडवर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर पुढचं दिसण्यासाठी अख्खी गाडी बाहेर काढावी लागते. मुलं मागे बसलेली असताना हे नकोच. पार्ट्स, सर्व्हिस, इन्शुरन्स यांची कटकट वेगळी.

मात्र मधल्या पिकअपमध्येही मागची सीट नीट तपासा. दोन्हींना मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे मागचा सामानाचा हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागे बसलेले उसळतात. संत्र्याचे क्रेट भरले की उसळणं कमी होतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला आईबाबांना मागेच बसवा, तेही खराब रस्त्यावर. पायरीवरून चढताना त्यांच्या गुडघ्यांना जमतं का, तेही तेव्हाच कळेल.

हौद्याला झाकण मात्र पहिल्याच दिवशी बसवून घ्या. मे महिन्यातलं ऊन आणि धूळ उघड्या बॅगांची वाट लावते.